शरदाची शिल्लक



या सदरात एरवी मी ठेवी, वारसनोंदी, मृत्युपत्रे आणि कर्जाचे हप्ते अशा रुक्ष विषयांवर लिहीत असतो. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी कोण करणार? यावेळी विषय मात्र शरद ऋतूचा आहे. हिशेब त्यातही आलाच आहे, पण तो माझ्या नातीने घातलेला असल्यामुळे वाचकांना जड जाणार नाही अशी आशा आहे.

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. मराठवाड्यातला शरद नुसताच निरभ्र आणि शीतल नसतो. दुपारचे ऊन चांगलेच चटका देते. पहाटे मात्र बांधावरच्या गवतावर दव असते आणि अंगावर पातळ पांघरूण हवेसे वाटते. हस्ताचा पाऊस होऊन गेलेला असतो. बाजरीची सोंगणी आटोपते, कापसाची पहिली वेचणी सुरू होते, तुरीवर पिवळी फुले दिसू लागतात आणि काळ्या रानात रब्बीच्या ज्वारीची पाभर फिरते. वर्षभरात शेतकऱ्याच्या घरी धान्य आणि पैसा यांची पावले पहिल्यांदा वाजतात ती याच दिवसांत.

आपल्या समाजाचे वर्षही याच दिवसांत कूस बदलते. आश्विन अमावास्येच्या पहाटे भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू मंदिरात अर्पण होतो आणि दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, नवे वीर निर्वाण संवत सुरू होते. यंदाचे २५५२ वे. दिवाळी ते कार्तिक पौर्णिमा या काळात चातुर्मासाची सांगता होते आणि चार महिने एका जागी थांबलेले साधु-साध्वी पुन्हा विहाराला निघतात. पावसाळ्यात वाटेवर जीवजंतू फार, म्हणून पाऊल थांबवायचे; वाट सुकली की पुढे निघायचे, इतका साधा आणि करुणामय तो नियम आहे.

व्यापाराचेही तसेच होते. काळ्या मातीत बैलगाडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतायचे. दसऱ्यानंतर रस्ते मोकळे झाले की गाड्या मोंढ्याकडे निघत, माल विकला जाई आणि उधारीची वसुली होई. आपले वाडवडील जमाखर्चाचे वर्ष दिवाळी ते दिवाळी धरीत, त्यामागे धर्म होता तसे शेतीचे हे गणितही होते. आयकर कायद्याने १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून एप्रिल ते मार्च हे वर्ष सर्वांना बंधनकारक केले. तोवर अनेक पेढ्यांचे कायदेशीर वर्षही दिवाळीलाच संपत असे. आज आपण दिवाळीला वहीपूजन करतो ते त्या जुन्या वर्षाची आठवण म्हणून.

आमचे गाव पैठण तालुक्यात, बिडकीनच्या पलीकडे. गावात वडिलांचे किराणा-भुसाराचे दुकान होते आणि दुकानामागे मातीचा, सागवानी खांबांचा वाडा. पुढे ढाळज, आत ओसरी आणि वर माळवद. नव्या पिढीसाठी सांगतो, माळवद म्हणजे जाड मातीचे सपाट छप्पर. पावसाळ्यात ते गळू नये म्हणून त्याची निगा राखावी लागे. पाऊस संपला की पांढरी माती पसरून, चोपून ते पुन्हा नीट केले जाई आणि मग आम्हा मुलांना तिथे झोपण्याची परवानगी मिळे. शरद आला हे आम्हाला पंचांगाने कळत नसे. आईने गोधड्या माळवदावर नेल्या की आला.

त्या दिवसांतले सुख काय होते असे कोणी विचारले, तर सांगण्यासारखे फार थोडे आहे. बाजरीच्या रानात सापडलेले वाळूक बांधावरच मुठीने फोडायचे. नव्या बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा आणि बिनलसणाचा हिरव्या मिरचीचा ठेचा. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची परात मध्ये ठेवून दिवस मावळण्याआधी सर्वांनी तिच्याभोवती बसायचे. दुकानात धान्याची पोती येत, त्यांच्या राशीवर चढून लपंडाव खेळायचा आणि वडिलांची चाहूल लागताच उतरायचे. पैसा यातल्या कशालाच लागत नव्हता. लागत होती ती माणसे, आणि त्यांना रिकामा वेळ.

कोजागरीची मात्र आमच्या घरी अडचण असे. सूर्यास्तानंतर घरात कोणी काही खातपीत नसे. मग चांदण्यातले दूध प्यायचे कसे? आईने तोड काढली होती. पौर्णिमेला सूर्य मावळण्याच्या सुमारास चंद्र उगवतो, हे मी भूगोलाच्या पुस्तकात पुढे वाचले. आईला ते आधीपासून ठाऊक होते. वेलदोडा आणि चारोळी घातलेले दूध ती दुपारीच आटवून ठेवी. दिवस कलला की सारे कुटुंब माळवदाच्या पूर्वेच्या कडेला बसे. पाठीमागे सूर्य उतरत असे आणि समोर तुरीच्या शेंड्यांवर तांबूस चंद्र वर येत असे. त्या काही मिनिटांत आमची कोजागरी साजरी व्हायची. चंद्राला उशीर झालाच, तर दूध आधी आणि चंद्र मागून. शेजारच्या माळवदावर मध्यरात्री दूध उकळे, तेव्हा आम्ही रिकाम्या पोटी पण जागे असू. आपल्या नियमामुळे काही हुकले असे तेव्हा वाटत नसे, कारण दोन्ही बाजूंचे आकाश एकदम पाहण्याची संधी आमच्याच वाट्याला येत होती.

हे सारे लिहिताना १९७२ ची दिवाळी आठवल्यावाचून राहत नाही. मी बारा वर्षांचा होतो. पाऊस झालाच नव्हता. बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली होती, कापसाला बोंडे नव्हती आणि ज्वारीच्या पेरणीसाठी जमिनीत ओल नव्हती. गावातील निम्मी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. जनावरांना चारा नव्हता, त्यामुळे कोजागरीला दूधही नव्हते. आईने पितळी तांब्यात गुळाचे पाणी केले, त्यात वेलदोड्याचा एक दाणा कुटून घातला आणि नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी, आम्हाला माळवदावर बसवले. चंद्र त्या वर्षीही तितकाच मोठा होता.

त्या दिवाळीला वडिलांनी नवी वही आणली, कुंकवाने स्वस्तिक काढले, ‘शुभ-लाभ’ लिहिले आणि मागील बाकी ओढायला बसले. जवळजवळ सर्व गावाकडे येणे होते. मी जवळ बसून आकडे वाचून दाखवत होतो. वडिलांनी प्रत्येकाची बाकी नव्या वहीत घेतली, पण व्याजाचा रकाना मोकळा सोडला. मी विचारले, “अण्णा, द्यायला कोणाजवळच काही नाही, मग सगळे माफच का करत नाही?” ते म्हणाले, “माफ केले की माणूस दुकानाची पायरी चढायला लाजतो. बाकी असू दे. बाकी असली की येणे-जाणे राहते.”

त्या उत्तराला मी फार मोठे करणार नाही. वडील व्यापारी होते. पुढे १९७३ चा पाऊस चांगला झाल्यावर त्यांनी ती बाकी वसूलही केली. काहींची आली, काहींची कधीच आली नाही. आपल्या समाजाच्या दुकानदारीविषयी खेड्यात सगळेच चांगले बोलत नाहीत आणि जे बोलले जाते ते सगळेच खोटे असते असेही नाही. पण व्याजाचा तो मोकळा रकाना मी स्वतः पाहिला आहे. पुढे बँकेत २००८ ची शेतकरी कर्जमाफी राबवताना, पात्र-अपात्र याद्यांवर सह्या करताना, तो रकाना मला अनेकदा आठवला. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याचे थकीत पीककर्ज एका सहीने शून्य होत होते. त्यांना खरोखर दिलासा मिळत होता. तरी काही वृद्ध शेतकरी खाली मान घालून, काउंटरशी क्षणभरही न थांबता निघून जात.

मी नोकरीला लागलो तसा गावापासून दूर गेलो. मधला भाऊ पुण्याला गेला. ताई जालन्याला दिली. आईवडिलांच्या मागे दादा आणि वहिनी तेवढे गावात राहिले. दादा आज शहात्तर वर्षांचे आहेत. दुकान अजून उघडतात, जरी माल आता दोन फळ्यांपुरताच उरला आहे. सहा एकर जमीन बटईने दिलेली आहे. शरदात गावी जाणे आधी आठ दिवसांचे होते, मग दोन दिवसांचे झाले आणि शेवटी भाऊबीजेच्या दुपारचे. मोटारीत बसून जायचे, ओवाळून घ्यायचे, दिवसाउजेडी जेवायचे आणि अंधाराच्या आत शहरात परत यायचे. माळवदाच्या जागी एका बाजूस आता पत्रे आले आहेत. उरलेल्या भागावर कोणी चढत नव्हते.

दरम्यान बिडकीनचे नाव देशाच्या नकाशावर ठळक झाले. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधील शेंद्रा-बिडकीन हे औद्योगिक शहर, ज्याला आपण ‘ऑरिक’ म्हणतो, उभे राहू लागले आणि आसपासच्या जमिनींचे भाव कोणी कल्पिले नव्हते तिथे पोहोचले. दिवंगत भावाच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुण्याच्या पुतण्याने, गेल्या उन्हाळ्यात विषय काढला. “काका, जमीन विकून वाटण्या करून टाकू. मुलाचे परदेशातले शिक्षण आहे, घराचे कर्ज आहे. शेतीतून आपल्याला मिळते तरी काय?” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मीच कागद घेऊन हिशेब केला. आजच्या भावाने जमिनीची किंमत धरली तर बटईतून येणारा परतावा शेकडा एकही पडत नव्हता. साधी मुदतठेवही त्याहून कितीतरी अधिक देते. मी विक्रीच्या बाजूने मत दिले. ताईनेही हरकत घेतली नाही.

दादांना दूरध्वनी केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “विका. माझी ना नाही. पण पाडव्यापासून पंचमीपर्यंत सगळ्यांनी इथे येऊन राहा. ज्या वस्तूची किंमत लावायची, ती एकदा पाहून तरी घ्या.”

आणि नेमका २०२५ चा सप्टेंबर तसा आला. मराठवाड्यातील अतिवृष्टीच्या बातम्या वाचकांनी वाचल्या आहेत; अनेकांनी ती आपल्या घरादारात सोसली आहे. नद्या पात्र सोडून शेतात शिरल्या, कित्येक ठिकाणी पिकासह मातीही वाहून गेली. आमचे रान उंचवट्यावर असल्याने माती राहिली, पण सोयाबीनला झाडावरच कोंब फुटले आणि कापसाची खालची बोंडे काळी पडून सडली. १९७२ ला पाणी नव्हते म्हणून गेले आणि २०२५ ला पाणी फार झाले म्हणून गेले. विक्रीच्या बाजूने याहून मोठा युक्तिवाद कोणता असणार?

निर्वाण लाडू शहरातील मंदिरात अर्पण करून पाडव्याच्या दिवशी आम्ही सगळे गावी पोहोचलो. मी, माझी पत्नी, मुलगा-सून, नऊ वर्षांची नात, पुण्याहून पुतण्याचे कुटुंब, जालन्याहून ताई. चौदा माणसे आणि एक स्नानगृह. पहिला दिवस मुलांचा कुरकुरण्यात आणि मोठ्यांचा पलंग-गाद्यांची व्यवस्था लावण्यात गेला. मोबाइलला माळवदाच्या एकाच कोपऱ्यात संकेत मिळतो असा शोध पुतण्याच्या मुलाने लावला आणि त्यामुळे का होईना, बऱ्याच वर्षांनी माळवदावर माणसे चढली. चढल्यावर त्यांना चांदण्या दिसल्या. दुसऱ्या रात्री गोधड्या वर गेल्या. वहिनींनी त्या आधीच उन्हात घालून ठेवल्या होत्या. कोणी मागेल याची त्यांना खात्री होती की नुसती आशा, हे मी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नातीला घेऊन मी रानात गेलो. आमच्या बटईदाराची पत्नी, जिला गावातील लहानथोर मावशी म्हणतात, चार बायांना घेऊन कापूस वेचत होती. खालची बोंडे गेली होती. वरच्या फांद्यांवर थोडा पांढरा कापूस फुटला होता आणि मधल्या बोंडांतून डागाळलेली, गाठाळलेली कवडी निघत होती. मावशीने नातीच्या कमरेला ओटी बांधून दिली, बोंडाचे टोकदार काटे कसे चुकवायचे ते दाखवले आणि म्हणाली, “वेच बाई. पण पांढरा वेगळा आन् कवडी वेगळी. एकात एक केलंस तर शेठ भाव पाडत्यात.” हे ऐकून मी जरा दुसरीकडे पाहिले.

नातीने अर्धा तास कापूस वेचला. बोटांना दोन ठिकाणी ओरखडे आले, पण तिने तक्रार केली नाही. दुकानात आणून दादांनी तो काट्यावर तोलला. पाऊण किलो भरला.

“मोठे आजोबा, याचे किती पैसे होतात?”

“वेचणीची मजुरी किलोला दहा रुपये. तुझे झाले साडेसात.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “आणि मावशी दिवसभर वेचते तिचे?”

दादांनी तिला आकडा सांगितला. यंदा कापूस कमी असल्यामुळे दिवसभरात वजन भरत नाही, म्हणून मजुरीही कमी पडते, हेही सांगितले. तिने पुढे काही विचारले नाही. मलाही काही सांगता आले नाही. बँकेत मी शेकडो पीककर्जांचे अर्ज तपासले, पण वेचणीचा हिशेब माझ्या घरात यापूर्वी कोणी विचारला नव्हता.

दादांनी तिच्या हातावर आठ रुपये ठेवले. तिने मोजले आणि म्हणाली, “यात आठ आणे जास्त आहेत.” दादांकडे सुटे नव्हते, तिच्याकडे तर नव्हतेच. तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्याने पाडव्याला पुजलेली नवी वही उघडली, एका पानावर तिचे नाव लिहिले आणि खाली नोंद केली: नावे आठ आणे. “आता तुझ्याकडे दुकानाची बाकी आहे. सवडीने आणून दे.” नातीने ते पान दोनदा वाचून पाहिले. दुपारपर्यंत घरातील प्रत्येक मुलाला आपलेही खाते हवे झाले होते.

पंचमीच्या सकाळी आम्ही ओसरीवर निर्णयासाठी बसलो. मी तो जुना कागद खिशातून काढला, पण वाचला नाही. पुतण्याची गरज खरी होती आणि ती नाकारण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. ताईचा वाटाही तितकाच खरा. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि आपल्या समाजालाही तोच कायदा लागू आहे. शेवटी असे ठरले की रस्त्यालगतची दोन एकर विकावीत आणि ते पैसे पुतण्या व ताई यांनी घ्यावेत. उरलेली चार एकर व वाडा ठेवावा. त्या चार एकरांच्या सातबाऱ्यावर ताईचे आणि पुतण्याचे नाव सामाईकात राहू द्यावे. यंदाचा बटईचा आपला निम्मा हिस्सा घेऊ नये आणि रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याचे बियाणे पूर्ण आपण द्यावे.

बटईदाराला बोलावून हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “शेठ, माफ करू नका. पुढल्या साली पिकलं तर घ्या.” दादांनी माझ्याकडे पाहिले. वडिलांचे ते उत्तर आम्हा दोघांनाच ठाऊक होते. वहीत त्याची बाकी लिहिली गेली आणि व्याजाचा रकाना मोकळा राहिला.

येथे माझ्या नेहमीच्या विषयाकडे थोडे वळतो, कारण अशाच पेचात असलेली अनेक घरे माझ्या ओळखीची आहेत. गावची मालमत्ता विकू नये असे मी म्हणत नाही; गरज असेल तर जरूर विकावी. पण सर्व जमीन विकण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे की महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेणारा साधारणपणे शेतकरी असावा लागतो. शेवटचा गुंठा विकल्यावर पुढच्या पिढीला पुन्हा शेत घेणे कायद्यानेच अवघड होऊन बसते. दुसरे, वडिलांच्या मागे वारसनोंद झाली आहे का, सातबारा आणि आठ-अ यांवर कोणाची नावे आहेत, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर कोणाच्या नावे आहे, घरपट्टी भरली आहे का, हे भावंडे बोलती-चालती असताना पाहून घ्यावे. बोलणे तुटल्यावर हीच कामे वकिलाकडे जातात. तिसरे, बटईदाराशी व्यवहार लेखी आणि स्वच्छ ठेवावा. त्यात दोघांचाही मान राहतो. आणि चौथे, जे कोणत्याही फॉर्मवर नाही: किंमत ठरवण्याआधी काही रात्री तिथे मुक्काम करावा. भाऊबीजेच्या दुपारी पाहिलेले गाव हे गाव नव्हे.

मुक्काम संपवून शहरात परतलो. नातीच्या डोक्यात मात्र आठ आण्यांचे होते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, परंतु पन्नास पैशांचे नाणे आजही कायदेशीर चलन आहे, हे मी तिला सांगितले. दुकानदार घेत नाहीत, एवढेच. तिने माझे कपाट पालथे घातले आणि जुन्या पाकिटातून एक आठ आणे शोधून काढले. मग प्रश्न आला, “ते नेऊन कधी द्यायचे?”

कार्तिक पौर्णिमेला, ५ नोव्हेंबरला, आम्ही पुन्हा निघालो. त्या दिवशी कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांची वार्षिक यात्रा असते. शहरातून पायी आलेल्या यात्रेकरूंच्या गर्दीत सकाळी दर्शन घेतले आणि तिथून गाव गाठले. त्या पौर्णिमेचा चंद्र वर्षभरातल्या सर्व पौर्णिमांत पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, असे मुलाने वाटेत सांगितले. कोजागरी हुकली होती, पण वहिनींनी दूध आटवून ठेवले होते. पावणेसहाच्या सुमारास आम्ही माळवदाच्या पूर्वेच्या कडेला बसलो. पाठीमागे सूर्य टेकला होता. समोर, कापसाच्या उघड्या पडलेल्या रानापलीकडे, चंद्र वर आला. सूर्य मावळण्याच्या आत सर्वांचे पेले रिकामे झाले. नातीने एकदा मागे पाहिले, एकदा पुढे पाहिले आणि विचारले, “हे दर वेळी असेच होते?”

“दर पौर्णिमेला,” दादा म्हणाले. “बघायला माणूस हवे.”

खाली उतरून तिने आठ आणे दादांच्या हातात दिले. दादांनी वही उघडली, नाणे जमा केले आणि पानावर आडवी रेघ ओढली. खाते मिटले. त्याबरोबर तिचा चेहरा उतरला. ते पाहून दादांनी तागडीत मूठभर भुईमुगाच्या शेंगा टाकल्या, पुडीत बांधून तिला दिल्या, आणि रेघेखाली नवी नोंद केली: नावे शेंगा पावशेर. “उद्या सकाळी खा,” ते म्हणाले, “आता दिवस मावळला.”

ती बाकी अजून आहे. चैत्रात परीक्षा संपल्यावर ती फेडायला जाण्याचे ठरले आहे. पुढील अंकी मृत्युपत्राच्या नोंदणीविषयी लिहीन. तूर्त एवढेच, सर्वांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा.